जुन्या गाण्याचे परीक्षण: दूरचित्रवाणीवरील गायन स्पर्धेच्या परीक्षकांसाठी

दूरचित्रवाणीवरील गायन स्पर्धेत जुन्या, गाजलेल्या गाण्यांचा भाग आला की परीक्षकाचे काम सोपे झाले असे अनेकांना वाटते, कारण ती गाणी सर्वांनाच पाठ असतात. प्रत्यक्षात काम अवघड होते ते याच कारणाने. नवे गाणे ऐकताना परीक्षक समोरच्या गायकाला ऐकतो; जुने गाणे ऐकताना मूळ ध्वनिमुद्रिका त्याच्या कानात आधीच वाजत असते आणि समोरचे गाणे तिच्यावर बसते की नाही एवढेच नकळत तपासले जाते. मग हुबेहूब गाणाऱ्याला ‘डोळे मिटले तर तेच वाटले’ अशी दाद मिळते, आणि थोडे वेगळे गाणाऱ्याला परीक्षकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे कधी ‘धाडसी’ तर कधी ‘गाणे बिघडवले’ असा शेरा मिळतो. या दोन्ही शेऱ्यांतून स्पर्धकाच्या गाण्याविषयी फारसे काही कळत नाही.

मराठवाड्यातील जे संगीत शिक्षक, गायक आणि वादक छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी अशा शहरांत निवड फेऱ्यांना किंवा स्थानिक वाहिन्यांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. २००८–०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’ पर्वात लातूरचा रोहित राऊत अंतिम पाच जणांत पोहोचला होता. ते उदाहरण आपल्याकडील अनेक पालकांच्या तोंडी आजही असते, आणि निवड फेरीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांची तयारीही आता चांगली असते. परीक्षकाची तयारी त्या तोडीची असणे हे किमान सौजन्य होय.

सारी पद्धत एका भेदावर उभी आहे. प्रत्येक जुन्या गाण्यात तीन जणांचे काम एकत्र मिसळलेले असते: संगीतकाराने बांधलेली चाल, मूळ गायकाने तिच्यात घेतलेल्या जागा (म्हणजे त्याने स्वतः केलेली स्वरांची नक्षी), आणि आता ते गाणाऱ्याचा स्वतःचा गळा व विचार. गुण फक्त तिसऱ्या गोष्टीला द्यायचे असतात. पहिल्या दोन गोष्टी नेमक्या कुठे संपतात हे ठाऊक नसेल, तर तिसरी दिसणे शक्य नाही.

गाणे ऐकण्याआधी

स्पर्धकांनी निवडलेल्या गाण्यांची यादी संयोजकांकडून दोन-तीन दिवस आधी मागून घ्यावी. यादी मिळणार नाही असे उत्तर आले, तर निदान त्या भागाचा विषय तरी विचारावा. प्रत्येक गाण्यासाठी स्वतंत्र कागद करून त्यावर कवी, संगीतकार, मूळ गायक, राग किंवा रागाची छाया, ताल, साधारण लय आणि कडव्यांची संख्या लिहावी. ही माहिती ऐकीव असू नये. ‘इंद्रायणी काठी’ हे गीत संतांचा अभंग म्हणून कौतुकाने सांगितलेले मी एकाहून अधिक मंचांवर ऐकले आहे. वस्तुतः ते ग. दि. माडगूळकरांनी १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटासाठी लिहिले, त्याला संगीत पु. ल. देशपांडे यांचे आणि स्वर भीमसेन जोशींचा. हा फरक केवळ सामान्यज्ञानाचा नाही. परंपरेने चालत आलेल्या अभंगाला चाल निवडण्याची मोकळीक असते, तर चित्रपटासाठी बांधलेल्या गीताची चाल ठरलेली असते, आणि गायकाने चाल बदलली की नाही याचा निवाडा त्यावरच अवलंबून राहतो.

पुढचा प्रश्न असा की ‘मूळ’ म्हणायचे कशाला. ‘गीतरामायण’ १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झाले. त्यातील छप्पन्न गीते त्या वेळी वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती; आज मात्र बहुतेकांच्या कानात ती सर्व सुधीर फडक्यांच्या आवाजात आहेत, कारण पुढे त्यांनी स्वतः ती जाहीर कार्यक्रमांतून आणि ध्वनिमुद्रिकांतून गायली. स्पर्धकाने रेडिओवरची मांडणी समोर ठेवली असेल आणि परीक्षकाच्या कानात बाबूजी (म्हणजे फडके) असतील, तर दोघे दोन वेगळ्या गाण्यांविषयी बोलत असतात. त्याहून टोकाचे उदाहरण ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ सालच्या नाटकातले आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे पद तिथे दोन घराण्यांच्या दोन चालींत येते, एक सलगवराळीत आणि दुसरी धानीत. एक चाल ऐकून दुसरीच्या अपेक्षेने गुण कापणे हा परीक्षकाचा अडाणीपणा ठरेल. म्हणून यादी मागतानाच ‘कोणाचे ध्वनिमुद्रण समोर ठेवून बसवले आहे’ हेही विचारून घ्यावे.

जुन्या ध्वनिमुद्रणांविषयी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत असत. बालगंधर्व रंगभूमीवर जे पद ‘वन्स मोअर’ घेत बराच वेळ रंगवीत, तेच तबकडीवर आटोपशीर होऊन आले, कारण यंत्राची मर्यादा तेवढीच होती. आजचा स्पर्धक ती तबकडी श्वासासकट पाठ करतो, तेव्हा तो त्या मर्यादेचीही नक्कल करीत असतो. नाट्यपदात दोन आवर्तने अधिक आलाप घेणाऱ्या मुलीला ‘मूळ गाण्यात हे नाही’ असे सांगण्यापूर्वी मूळ गाणे तबकडीबाहेर कसे होते याचा विचार व्हावा. शिवाय तबकडी आणि फीत यांच्या फिरण्याच्या वेगात फरक पडला की पट्टीही (गाण्याच्या आधारस्वराची उंची) सरकते, त्यामुळे इंटरनेटवर सापडणारे जुने ध्वनिमुद्रण पुष्कळदा दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी असते. ‘मूळ पट्टी’ या शब्दाला वाजवीपेक्षा अधिक वजन देऊ नये.

चाल कुठे संपते आणि जागा कुठे सुरू होते

हे ठरवण्याची एक साधी रीत आहे. एकच गाणे तीन रूपांत ऐकावे: मूळ ध्वनिमुद्रण, त्याच गायकाने नंतर एखाद्या मैफलीत गायलेले रूप, आणि दुसऱ्या एखाद्या जाणत्या गायकाने गायलेले रूप. तिन्हींत जे जसेच्या तसे राहते ती चाल. जे प्रत्येक वेळी थोडे हलते त्या जागा. हे प्रत्यक्ष करून पाहिले की बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण ज्या हरकतीला (झटकन घेतलेल्या स्वरांच्या नक्षीला) आपण गाण्याचा आत्मा समजत होतो ती मूळ गायकानेच मैफलीत सोडून दिलेली असते, आणि जिच्याकडे आपले लक्षही नव्हते अशी एखादी साधी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे) सर्वांनी सांभाळलेली असते.

या ऐकण्यातून प्रत्येक गाण्याची चार-पाच अटळ स्थाने कागदावर टिपावीत. ध्रुवपदाची पहिली उठावणी कोणत्या स्वरावरून होते, अंतरा वरच्या षड्जाला कसा जाऊन भिडतो, चालीत एखादा स्वर अनपेक्षितपणे कोमल किंवा तीव्र होतो का, आणि कडव्यावरून ध्रुवपदाकडे परतताना कोणत्या वाटेने यावे लागते, एवढे बहुधा पुरते. विशेषतः भावगीतांत संगीतकार रागाबाहेरचा एक स्वर अशा ठिकाणी ठेवतो की तेवढ्या एका स्वराने शब्दाचा अर्थ पालटतो. तो स्वर ‘साधारण तसाच’ लागला तर गाणे गेले. याउलट त्याच ओळीच्या शेवटी मूळ गायिकेने घेतलेली मुरकी (स्वरांची छोटी गिरकी) स्पर्धकाने टाळली, तर काहीही बिघडत नाही. टाळलेली मुरकी आणि न लागलेला स्वर यांना सारखेच गुण कापणारे परीक्षक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते स्पर्धांतील अन्यायाचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

गुणपत्रक

संयोजक अनेकदा शंभरपैकी एकच आकडा मागतात. तरीही स्वतःपुरते विभाग करावेत. सुराला ३०, शब्दांना २५, ताल आणि लयीला २०, भावाला १५ आणि गायकाने स्वतः केलेल्या विचाराला १० अशी वाटणी मला जुन्या गाण्यांसाठी योग्य वाटते. शब्दांचे माप मोठे ठेवले आहे, कारण या गाण्यांपैकी बहुतेक कवितेच्या बळावर टिकली आहेत. ‘सादरीकरण’ असा वेगळा रकाना मी ठेवत नाही. पोशाख, हातवारे आणि मंचावरचा वावर यांना कॅमेरा आणि प्रेक्षक आधीच भरभरून गुण देत असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की संगीत स्पर्धांच्या ध्वनिचित्रफिती आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांनी विजेते जेवढे अचूक ओळखले, तेवढे नुसता आवाज ऐकणाऱ्यांना ओळखता आले नाहीत, आणि या बाबतीत व्यावसायिक संगीतकारही अपवाद नव्हते. परीक्षकाने निदान ध्रुवपदाची पहिली आवृत्ती खाली पाहून ऐकावी, असे मी सुचवतो ते यामुळेच.

पट्टीची निवड

स्पर्धकाने कोणती पट्टी घेतली हे पेटीवर पाहून लगेच लिहावे. पुरुषाने काळी एक किंवा दोन आणि स्त्रीने काळी चार किंवा पाच घेणे सर्वसाधारण आहे. मात्र गाण्याचा पल्ला पाहिल्याशिवाय पट्टीविषयी मत देऊ नये. ज्या गाण्याचा अंतरा तार मध्यमापर्यंत जातो ते गाणे मुलगा मूळ गायिकेच्या पट्टीत गाऊ लागला तर ओरडतो, आणि फार खाली घेतले तर ध्रुवपदातील मंद्र स्वर ऐकूच येत नाहीत. चांगली निवड ओळखण्याची खूण अशी की गाण्यातील सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा असे दोन्ही स्वर शब्दासकट स्पष्ट कळतात. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांबाबत विशेष सांभाळावे, कारण त्या वयात आवाज फुटू लागतो. महिन्याभरापूर्वी ध्वनिमुद्रण करून पाठवलेली पट्टी आज त्याला झेपत नसेल. अशा मुलाने स्वतःहून पट्टी उतरवली असेल तर तो समंजसपणा आहे आणि त्याला गुण मिळायला हवेत.

सुराविषयी एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. तंबोऱ्यावर तालीम घेतलेल्या मुलांचा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, कारण कीबोर्डचे स्वर समान अंतरांनी विभागलेले असतात आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार त्याहून थोडा खाली असतो. वाद्यवृंदाच्या साथीत असा गंधार क्षणभर कमी लागल्यासारखा भासतो. तो प्रत्येक वेळी त्याच जागी आणि स्थिर लागत असेल, तर त्याला बेसूर म्हणू नये.

प्रत्यक्ष ऐकताना

पहिल्या ओळीत काहीही लिहू नये. पहिल्या काही क्षणांत स्पर्धकाचा श्वास अस्थिर असतो, आणि किनवट किंवा भूमसारख्या ठिकाणाहून रात्रभर एसटीत बसून आलेल्या मुलाचा गळा सकाळी अकरा वाजता उघडायला थोडा वेळ घेणारच. ध्रुवपद दुसऱ्यांदा येते तिथून टिपणे सुरू करावीत, आणि ती शब्दांऐवजी खुणांनी करावीत: अटळ स्थान साधले तर बरोबरची खूण, निसटले तर रेघ, आणि स्पर्धकाने स्वतःचे काही केले तर एक टिंब. वाक्ये लिहीत बसले की पुढची ओळ ऐकायची राहते.

सूर तपासण्याची खरी जागा लांब स्वराचा शेवट ही आहे. स्वर लावताना बहुतेक जण सावध असतात. सोडताना तो खाली घसरतो की नाही, यावरून श्वासाचा आणि तालमीचा अंदाज येतो. त्याचप्रमाणे दुसरे कडवे पहिल्यापेक्षा अधिक काळजीपूर्वक ऐकावे, कारण पाठांतर आणि समज यांतील अंतर तिथे उघडे पडते. पहिल्या कडव्यातील जागा दुसऱ्या कडव्यात, वेगळ्या शब्दांवर, जशाच्या तशा येऊ लागल्या की गायक आवाज गातो आहे, गाणे गात नाही, हे समजावे.

तालाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ठेका सोपा असतो, बहुधा दादरा, केरवा, रूपक किंवा भजनी. पाहायचे एवढेच की लांब हरकतीनंतर स्पर्धक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) सहज येतो की वादक त्याला सांभाळून घेतात. तबलावादकाच्या चेहऱ्यावर याचे उत्तर बहुधा लिहिलेले असते.

शब्द

मराठवाड्यात परीक्षण करताना या विभागाला सर्वांत अधिक वेळ द्यावा लागतो. आपल्याकडच्या बोलीत ‘ण’ची जागा ‘न’ सर्रास घेतो, आणि ‘चांदणे’ या शब्दातला दंत्य ‘च’ शाळेतल्या हिंदीच्या व चित्रपटांच्या प्रभावाने मुले ‘चंद्र’मधल्यासारखा तालव्य उच्चारतात. भावगीताची भाषा प्रमाण मराठी आहे, त्यामुळे तिथे ‘चांदने’ कानाला खटकते आणि गुण कमी होणे रास्त आहे. पण हाच निकष गोंधळगीताला, जात्यावरच्या ओवीला किंवा बोलीतच लिहिलेल्या लोकगीताला लावू नये. तिथे उच्चार शहरी केले की गाण्याचा रंग उडतो. स्पर्धक कोणत्या गावचा आहे यावर निकष ठरत नाही, गाणे कोणत्या भाषेत लिहिले आहे यावर ठरतो.

उर्दू शब्दांबाबत आपल्या भागाची स्थिती वेगळी आहे. निजामाच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या काढल्यामुळे आणि वली व सिराज यांच्यासारखे शायर औरंगाबादचेच असल्यामुळे उर्दू इथल्या कानाला परकी नाही, परंतु रस्त्यावर कानी पडते ती दखनी, म्हणजे दख्खनची बोली उर्दू. दखनीत ‘क़’चा उच्चार घशातल्या ‘ख़’कडे झुकतो. त्यामुळे जुन्या हिंदी चित्रपटातील गझल गाताना एखादा मुलगा ‘ज़’ आणि ‘फ़’ सुरेख उच्चारतो, पण ‘क़रार’चे ‘ख़रार’ करून टाकतो. अशा वेळी त्याला नुक्ता (अशा उर्दू वर्णांखालचे टिंब) कळत नाही असे म्हणू नये. त्याचे नुक्ते पुण्यामुंबईच्या अनेक मुलांपेक्षा चांगले असतात, फक्त एक वर्ण सुधारायचा असतो. नेमका तो वर्ण सांगावा.

शब्द तोडण्याकडेही लक्ष असावे. मोठ्या अभंगाच्या चरणांची रचना सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांची असते. श्वास चरणाच्या शेवटी घेतला तर अर्थ अखंड राहतो. स्पर्धक पाच अक्षरांनंतर श्वास घेऊन शब्दाचे दोन तुकडे करीत असेल, तर त्याने अभंग चालीसकट पाठ केला आहे पण वाचलेला नाही. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई आणि पैठणचे एकनाथ यांची रचना गाणाऱ्या मराठवाड्यातील मुलाला निवड फेरीत एखाद्या शब्दाचा अर्थ सहज विचारावा. उत्तरावर गुण देऊ नयेत, पण पुढील फेरीसाठी काय सांगायचे ते त्यातून कळते.

गाण्याच्या प्रकारानुसार

नाट्यपद ऐकताना ते एका पात्राच्या तोंडी आहे हे विसरू नये. ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) यांतील नायिकांची पदे बालगंधर्वांनी, म्हणजे पुरुषाने स्त्रीभूमिकेत, गायलेली आहेत. आजची मुलगी ती गाताना तिची पट्टी आणि आवाजाचा पोत मुळापासूनच वेगळा असणार, त्यामुळे इथे नक्कल अपेक्षित धरणेच चुकीचे आहे. तान दाणेदार आहे का, ती शब्दाला झाकून टाकते का, आणि पद मैफलीतल्या बंदिशीसारखे विस्तारत न नेता प्रसंगाच्या आवाक्यात ठेवले आहे का, हे पाहावे.

अभंगाच्या बाबतीत आपल्या भागातून येणारी बरीच मुले हरिनाम सप्ताहात आणि भजनी मंडळात तयार झालेली असतात. उघड्या मंडपात, पखवाज आणि टाळांच्या गजरावर, अनेकदा ध्वनिक्षेपकाशिवाय, उंच पट्टीत गाण्याची त्यांना सवय असते. तो मोकळा, फेकलेला आवाज स्टुडिओतील माईकजवळ आला की कर्कश वाटतो, आणि संगीत महाविद्यालयात शिकलेले परीक्षक त्याला ‘आवाज घडलेला नाही’ असा शेरा देतात. तो घडलेला असतो, वेगळ्या जागेसाठी. निवड फेरीत अशा मुलाला माईकपासून वीतभर मागे उभे करून तेच कडवे पुन्हा गायला लावावे. दोन मिनिटांत निवाडा होतो. टाळांशिवाय लय सरकते का, आणि खालच्या स्वरांत आवाज भरीव राहतो का, या त्याच्या खऱ्या परीक्षा आहेत. एकनाथांचे भारूड आले तर मात्र सुराइतकेच संवादाचे भान तपासावे लागते, कारण ते मुळातच वेषासह सादर करण्यासाठी आहे.

भावगीताला आवाज जितका कमी लागतो तितकी जोखीम अधिक असते. हरकतींची गर्दी, प्रत्येक ओळीच्या शेवटी थरथर आणि शब्दाशब्दाला दिलेले हसू किंवा हुंदका ही दूरचित्रवाणीने रुजवलेली सवय आहे, आणि तिला भाव समजून गुण देऊ नयेत.

लावणी गाताना मुली नृत्याच्या हालचाली करू लागतात, कारण दिग्दर्शक तशी सूचना देतो. सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन लावणी गात असत आणि सारा ठसका आवाजातून, शब्दांच्या फेकीतून येत असे. परीक्षकाने तो ठसका ढोलकीच्या बोलांशी कसा खेळतो हे ऐकावे. वयाला न शोभणारी लावणी लहान मुलीला दिली असेल तर गुण मुलीचे कापू नयेत, आक्षेप संयोजकांकडे नोंदवावा.

स्टुडिओतला आवाज आणि घरातला आवाज

परीक्षकाच्या खुर्चीत जो आवाज पोहोचतो तो प्रेक्षक घरी ऐकतात तो नव्हे. प्रक्षेपणापूर्वी ध्वनिमिश्रण होते, वाद्ये आणि गळा यांचे प्रमाण बदलते, आणि सूर दुरुस्त करण्याची तांत्रिक सोयही उपलब्ध असते. म्हणून चित्रीकरण सुरू होण्याआधी आपल्या मॉनिटरमध्ये गायकाचा आवाज वाद्यांपेक्षा वर ठेवायला सांगावे; त्यावरचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) शक्य तितका कमी करून घ्यावा, कारण तो श्वासाच्या चुका झाकतो. गुण स्टुडिओत ऐकलेल्या आवाजालाच द्यावेत, आणि नंतर भाग पाहून ‘इतके चांगले तर गायला होता’ असे कोणी म्हटले तर अस्वस्थ होऊ नये.

गाणे कापून दोन-अडीच मिनिटांचे केले जाते. कोणते कडवे गाळायचे आणि मधले संगीत किती ठेवायचे हे बहुधा संगीत संयोजक ठरवतात. गाण्याची निवडही अनेकदा स्पर्धकाची नसते. कडवे गाळल्यामुळे अर्थ तुटला, किंवा लय वाढवल्यामुळे विरहगीत नाचरे झाले, तर ती चूक त्याच्या नावावर टाकता येत नाही. अशा वेळी गुण देण्यापूर्वी मोकळेपणाने विचारावे की गाणे कोणी निवडले आणि लय कोणी ठरवली. वाद्यवृंदाकडून ठेका चुकला असेल तर पुन्हा गाण्याची संधी मागणे हा परीक्षकाचा अधिकार आहे, आणि तो वापरताना चित्रीकरणाचा वेळ वाया जाईल याची भीड बाळगू नये.

आकडा लिहिताना

गाणे संपताच, टाळ्या चालू असतानाच, आकडा लिहून टाकावा. शेजारच्या परीक्षकाचे बोलणे सुरू झाल्यावर लिहिलेला आकडा आपला राहत नाही. पहिल्या स्पर्धकाला सहसा कमी गुण पडतात, कारण पुढे कोण येणार हे माहीत नसल्यामुळे परीक्षक हात राखून असतो. ब्रसेल्स येथील क्वीन एलिझाबेथ स्पर्धेच्या निकालांवरील १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वादनाचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरत असूनही तो अंतिम क्रमांकावर परिणाम करतो असे दिसून आले होते. यावर उपाय असा की पहिल्या तीन स्पर्धकांचे आकडे पेन्सिलीने लिहावेत आणि तिसऱ्यानंतर तिन्ही कागद शेजारी ठेवून एकदाच दुरुस्त करावेत. त्यानंतर मात्र मागे जाऊ नये.

कठीण गाण्याला नुसत्या कठीणपणाचे गुण देण्याचा मोह टाळावा. अवघड नाट्यपद अर्धेमुर्धे गाणारा आणि साधे भावगीत नितळ गाणारी यांच्यात माझा कौल भावगीताकडे जातो. पण दोघांचेही गाणे पुरते साधले असेल, तर अवघड गाण्याला दोन-तीन गुण अधिक देणे योग्य आहे, आणि हे आपल्या पत्रकातील शेवटच्या दहा गुणांतूनच द्यावे.

बोलताना

आपले बोलणे संकलनात कापले जाते आणि उरते ते पहिले किंवा सर्वांत भडक वाक्य. म्हणून महत्त्वाचे ते पहिल्याच वाक्यात सांगावे, आणि ते गाण्यातील एका नेमक्या जागेविषयी असावे: ‘दुसऱ्या कडव्यातील तिसऱ्या ओळीचा कोमल निषाद तू सांभाळलास, पण परत येताना ध्रुवपदाचा पहिला शब्द गिळलास.’ एवढ्यावर मुलगा घरी जाऊन रियाज करू शकतो. मूळ गायकाशी तुलना कॅमेऱ्यासमोर करू नये, स्तुतीसाठी तर मुळीच नाही. ‘दुसरी लता’ म्हटल्या गेलेल्या मुलीला पुढच्या आठवड्यात स्वतःच्या आवाजात गायचे धैर्य होत नाही. मुलाच्या घरची परिस्थिती, वडिलांची शेती, दुष्काळ यांवर बोलण्याची सूचना कानातल्या यंत्रातून आली, तर ती निवेदकाकडे सोपवावी. मराठवाड्यातल्या मुलांना ही सहानुभूती गाण्याआधीच वाटली जाते आणि मग त्यांच्या गाण्याविषयी कोणी बोलतच नाही.

दोन परीक्षकांच्या गुणांत वीसहून अधिक फरक पडला, तर सरासरी काढून मोकळे होण्यापेक्षा दोघांनी आपापली अटळ स्थाने समोर ठेवावीत. बहुतेक वेळा एकाने वेगळे ध्वनिमुद्रण मूळ धरलेले असते आणि वाद तिथेच मिटतो. तरीही न मिटल्यास दोघांचे आकडे जसेच्या तसे नोंदवावेत. स्पर्धक आपला शिष्य, नातेवाईक किंवा आपल्या विद्यालयाचा असेल, तर त्या फेरीत त्याला गुण देऊ नयेत आणि हे चित्रीकरणापूर्वी संयोजकांना लेखी कळवावे. लहान गावांच्या आपल्या भागात सगळेच एकमेकांना ओळखतात, त्यामुळे हा प्रसंग दर पर्वात येतो. अटळ स्थानांचे कागद आणि खुणांची पत्रके अंतिम फेरी संपेपर्यंत जपून ठेवावीत, कारण बाहेर पडलेल्या मुलाचे गुरुजी किंवा पालक विचारायला येतात, आणि कोणत्या ओळीवर किती गुण गेले हे त्यांना दाखवता आले पाहिजे.